झुडूप आणि ढग एकच!

संपादक महोदय,

आयुष्यभर मुद्रितशोधन केल्याने माझी नजर आधी चुकांवरच जाते. परवा नातू १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम खेळत होता. शेजारी बसून मी म्हटलं, “अरे, हे झुडूप म्हणजे वरचाच ढग आहे की!” त्याला पटेना. पण आहे तसंच. आकार तोच, फक्त पांढऱ्याचा हिरवा केलाय. सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये कोंबायचा, मग दुसरं काय करणार?

मारिओची मिशीही अशाच अडचणीतून उगवली. १९८१च्या ‘डाँकी काँग’ या त्याच्या आधीच्या खेळात एवढ्याशा ठिपक्यांत तोंड काढणं जमेना, म्हणून त्याचे रचनाकार शिगेरू मियामोतोंनी मिशी दिली, केस काढायला नकोत म्हणून टोपी.

पण मला खरी भुरळ घातली ती एका चुकीनं. १-२ (पहिल्या जगातला दुसरा) या टप्प्याच्या शेवटी ठरावीक पद्धतीनं उडी मारली की मारिओ चक्क भिंतीतून आरपार जातो. पलीकडच्या नळात वेळेआधी शिरलात, तर पाण्याखालच्या एका टप्प्यात पोचता. शेवटचा नळ पुन्हा सुरुवातीलाच आणून सोडतो, सुटका नाही! पडद्यावर दिसतं ‘-१’. प्रत्यक्षात तो आहे ३६-१. ३६च्या जागी रिकामा चौकोन उमटतो, एवढंच. आमच्या छपाईच्या भाषेत, खिळा (अक्षराचा ठसा) पडला.

नातवाला अजून ती उडी साधलेली नाही. मला तर पहिला खड्डाच ओलांडत नाही. आपल्या पुरवणीत अशा खाचाखोचांवर एखादं सदर सुरू करा ना. मुद्रितं मी फुकट तपासून देईन.

— एक निवृत्त मुद्रितशोधक