टीव्हीवर सिरियल बघणाऱ्या माझ्या आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा वैतागून म्हणाले की तुमच्या सिरियलमधली माणसं नुसती पुटपुटतात, अर्धं काही कळत नाही, आणि तो सासूबाईंचा किल्लीचा डायलॉग मात्र गल्लीतली पोरं दिवसभर फोनवर वाजवतायत. मागून आईचं चालूच होतं, आवाज वाढवा, आवाज वाढवा. तेव्हा शिफ्ट चालू होती म्हणून नीट बोलता आलं नाही, आज सुट्टी आहे तर सविस्तर लिहिते. बाबा, तुमची तक्रार अगदी बरोबर आहे, आणि ती थेट माझ्याच कामाची आहे, सेटवर आवाज रेकॉर्ड करते ती मीच ना.

आधी तो डायलॉग. आमचा सेट घोडबंदरला, मागे येऊरचा डोंगर, अंधार पडला की रातकिडे सुरू होतात आणि पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की सगळ्यांना हातावर हात ठेवून बसावंच लागतं. सीन एवढाच होता, सासू कपाटासमोर उभी आहे आणि सुनेला म्हणते, "किल्ली तुझ्याकडे ठेव, घर कुठे जातंय." सासूचं काम करणाऱ्या ताई पैठणीत होत्या, पदराखाली लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, लावला की जरीची खरखर येते, म्हणून तो मी ब्लाउजच्या काठाला टेपने दाबून बसवला, काचेच्या बांगड्या एकमेकींवर वाजू नयेत म्हणून त्यांच्यामध्येही टेप, एसी बंद, पंखे बंद, सगळ्यांचे फोन एरोप्लेन मोडवर, वरून बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक. रोल साउंड झालं, मी रोलिंग म्हटलं, मग कॅमेरा. ताई ते वाक्य ओरडून बोलल्याच नाहीत गं आई. वाक्याच्या आधी त्यांनी एक श्वास घेतला, मध्येच अडकलेला, आणि हेडफोनमध्ये तो ऐकूनच मला कळलं की ही बाई किल्ली देतेय पण तिला जड जातंय. अख्खा सीन त्या श्वासात आहे.

एपिसोड लागला, कुणीतरी ते वाक्य उचललं, श्वास कापला, खाली बीट टाकला, आणि आता त्यावर लोक टपरीची किल्ली, बाइकची किल्ली, नव्या फ्लॅटची किल्ली असं काय काय करतात. एका बाईने मुलीच्या हातात स्कूटीची किल्ली देताना केलेलं रील मला इतकं आवडलं की मी ते ताईंनाही दाखवलं. आपण रेकॉर्ड केलेला आवाज असा कुठल्या कुठे जातो याचा आनंद आहेच, पण श्वास गेला याचं वाईटही तितकंच वाटतं.

बाबा, हे काही फोनने नवीन आणलेलं नाही. तुम्हीच सांगायचात, शोलेच्या डायलॉगांची पॉलिडोरची रेकॉर्ड निघाली होती आणि गणपतीच्या मांडवात गाण्यांऐवजी गब्बर लागायचा. पण त्या रेकॉर्डवर सीनच्या सीन होते, थांबलेले क्षण होते, पावलं होती, लोक मांडवात उभं राहून ऐकायचे. टिकटॉकने काही सेकंदांची सवय लावली, २०२० च्या जूनमध्ये ते आपल्याकडे बंद झालं तर जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले, सवय काही मोडली नाही. आता सेटवर प्रोमोसाठी उभे व्हिडिओ वेगळे काढतात, आणि लेखकाकडे रीलला चालेल अशी एक लाइन द्या म्हणून मागणी होते. मला हे पटत नाही, मी मीटिंगमध्ये बोलतेसुद्धा. किल्लीची लाइन रीलसाठी लिहिलेली नव्हती, म्हणून तर ती लोकांना लागली.

आता तुमच्या पुटपुटण्याकडे येते. बाबा, आयुष्यभर तुम्ही डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये काढलंत. सततच्या मोठ्या आवाजाने कानाचं नुकसान होतं ते सगळ्यात आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत, आणि वयानेही वरच्याच पट्टीचं ऐकणं आधी कमी होतं. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते तुम्हाला छान ऐकू येतात, म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं. पण स, श, फ, त, क यांची धार वरच्या पट्टीत असते आणि शब्द कळतो तो त्या धारेमुळेच. म्हणून ऐकू येतं पण कळत नाही. यात नटांची चूक नाही आणि तुमचीही नाही. त्यात आपला टीव्ही पातळ, त्याचे स्पीकर खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून, आणि फायनल मिक्समध्ये, म्हणजे शेवटी सगळे आवाज एकत्र करताना, बॅकग्राउंड म्युझिक इतकं चढवतात की मी जीव तोडून स्वच्छ आणलेला आवाज त्याच्याखाली दबतो, हे मात्र मी मान्य करते, आमच्या लाइनीचा दोष आहे. आवाज वाढवला की स्वर वाढतात, म्युझिक वाढतं, स आणि श वाढूनही तुमच्या कानाला पुरत नाहीत, आणि आईचं डोकं उठतं.

रीलवरचा डायलॉग तुम्हाला कळतो कारण तो एडिट करताना वरची पट्टी चढवलेली असते, मागचं काढून टाकलेलं असतं आणि पोरं तो दहादा लावतात.

फोनच्या स्पीकरचं म्हणाल तर एवढ्याशा स्पीकरमधून खालचे आवाज येतच नाहीत. आई, तू सकाळी रियाजाला ते तंबोऱ्याचं अॅप लावतेस ना, त्यातला खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, फोनमधून खरं तर जवळजवळ बाहेरच पडत नाही, त्याचे वरचे स्वर ऐकून आपला मेंदू खर्ज स्वतः भरून काढतो. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन, म्हणजे मिरजेचीच खास वस्तू अशी अधिकृत ओळख, मिळालं, सतारमेकर गल्लीत शेजारी बसून तारांना झंकार देणारी जवारी लागताना ऐकलेली माणसं तुम्ही, आणि त्या अॅपवर रियाज करतेस, मला ते खटकतं. अॅप सोय म्हणून ठीक आहे, प्रवासात मीही लावते, पण माळ्यावरचा तंबोरा खाली काढ, तारा बदलायचे पैसे मी पाठवते. बोटं दुखतात हे माहीत आहे, रोज पाच मिनिटं छेडलास तरी चालेल.

तर आता करायचं काय, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंडमध्ये जा, तिथे स्पीच किंवा क्लिअर व्हॉइस असं काहीतरी असेल ते लावा, सराउंड बंद करा, आणि खुर्ची पुढे ओढा. बाबांच्या फोनवर मी गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब टाकून देईन, समोरचा बोलतो ते मराठीत लिहून दाखवतं, बँकेत, दवाखान्यात उपयोगी पडेल. पण त्याआधी कानाची तपासणी, ऑडिओमेट्री, आणि ती करायचीच. बाबा, कानाचं मशीन लावलं की माणूस म्हातारा दिसतो वगैरे मला सांगू नका, आमच्या सेटवर सगळ्या नटांच्या अंगावर कुठे ना कुठे यंत्र चिकटवलेलं असतं.

आणखी एक, हे दोघांनीही लक्षात ठेवा. हल्ली थोडासा आवाज मिळाला तरी हुबेहूब नकली आवाज बनवता येतो. माझ्या आवाजात रडत कुणी फोन केला, अॅक्सिडेंट झालाय, पैसे पाठवा, तर काहीही न बोलता फोन ठेवायचा आणि माझ्या नंबरवर तुम्ही स्वतः लावायचा. मी शूटमध्ये असले आणि उचलला नाही तर थांबायचं, पैसे कुणालाच पाठवायचे नाहीत. आवाजाचंच काम करते म्हणून सांगतेय, कानाला फरक कळेल या भरवशावर राहू नका.

एपिसोडची बँक झाली, म्हणजे पुढचे एपिसोड आधीच शूट होऊन साठले, की मला सुट्टी मिळेल, बहुतेक गणपतीनंतर. मिरजेत कानाच्या डॉक्टरांची वेळ मी इथूनच घेते, बाबांनी फक्त तयार राहायचं.

तुमची,
छकुली