डबा सैल होता

विजयदुर्गाच्या खाडीकाठाहून,
११ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

तुझं धनुष्याच्या सामानाचं पार्सल गणपतीत मिळालं आणि पोच द्यायला जानेवारी उजाडला. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी हे मध्येच सोडून आंब्याच्या मोहोरावर गेलो असतो, म्हणून लिहायला बसलोय. आईचे गुडघे तसेच आहेत. माझी शुगर बरी आहे. मोहोर चांगला आलाय, तुडतुड्याची एक फवारणी झाली. इथवरचं काकूंना वाचून दाखव. पुढचं एकट्याने वाच.

गेल्या रविवारी बंधाऱ्यावर माझ्या चिनूचा बाण उलटा आला.

त्याला काही झालेलं नाही. टोपीची कड फाटली, डाव्या कानाच्या वर दोन बोटं. बाण शेपटीकडून आला, त्याच्या मागच्या जांभ्यावर आपटला आणि नॉकचे, म्हणजे प्रत्यंचेत अडकणाऱ्या शेपटीच्या खाचेचे, तीन तुकडे झाले. मी तुकडे गोळा करत होतो आणि हात थरथरत होते. बापू तिथेच होता, गरी टाकून बसलेला. तो उठला, आधी पोराच्या तोंडावरून हात फिरवला, "त्येका काय झाला नाय मां?" म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाळग्या, दोरी खंय बांधलंस?"

एवढंच विचारलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

पण आधी सगळं क्रमाने सांगतो. चिनूचं वेड तुला माहीत आहे. २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला १७व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, आणि ओजस देवतळेने त्याच स्पर्धेत अंतिम सामन्यात १५०पैकी १५० गुण काढले, तेव्हापासून पोराच्या डोक्यात दुसरं काही नाही. त्याला कंपाउंड धनुष्य हवं होतं. मी म्हटलं, मैदानावर मारायचंय तर कंपाउंड घेऊ, खाडीत मासा मारायचाय तर साधं रिकर्व्ह. कंपाउंडची चाकं, केबल, त्यात खारं पाणी आणि चिखल, दोन महिन्यांत गंज धरेल. शिवाय ते पुरतं खेचल्यावरच हाताला हलकं लागतं. मासा तेवढा वेळ देत नाही. बोय दिसली, अर्धं-पाऊण खेचलं आणि सोडलं, हे रिकर्व्हलाच जमतं.

तू ५० पाउंडी, म्हणजे खेचायला ५० पाउंड जोर लागणारं, घे म्हणत होतास, आणि मी ऐकलं नाही. तुमच्या अमेरिकेतल्या इलिनॉय नदीत मोटारीच्या आवाजाने चंदेरा पाण्याबाहेर उड्या मारतो, तिथे तुझे ५० पाउंड असू देत. (सिल्व्हर कार्प म्हणजे आपला तळ्यातला चंदेरा, हे तू सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. १९७०च्या दशकात तळी साफ ठेवायला म्हणून तिकडे नेला आणि आता नदीभर झाला, हे बापूला सांगितलं तर तो म्हणतो, बंड्यासारखाच, पाठवला एका कामाला आणि तिथलाच झाला.) चिनूच्या दोन्ही हातांचा पसारा ६७ इंच भरतो. त्याला अडीचने भागलं की २७ला थोडी कमी, तेवढी त्याची खेच. धनुष्यावर ४० पाउंड लिहिलेत ते २८ इंचांवरचे. इंचाला दोन-अडीच पाउंड उतरतात, म्हणजे त्याच्या हातात ३७च्या आसपास पडतात. दिवसभरात पन्नास वेळा खेचायचं तर सोळा वर्षांच्या खांद्याला एवढे पुष्कळ झाले. कंबरभर पाण्यातला मासा असेल तर बाणाचं वजनच काम करतं. तू पाठवलेला भरीव फायबरग्लासचा बाण मी काट्यावर ठेवला, टोकासकट शंभर ग्रॅमच्या जवळ. नेमबाजीचा बाण पंचवीसही भरत नाही.

त्या बाणाला पिसं नाहीत हे बघून आई म्हणाली, गोऱ्यांनी फसवलं. तिला समजावलं की पाण्यात शिरल्यावर पिसं बाणाला वाकडं नेतात. तिला काही पटलं नाही.

जोडणी मी चार संध्याकाळी केली आणि मनापासून केली, हे तुला कळायला हवं. धनुष्य ६२ इंची. प्रत्यंचा चढवली तेव्हा मुठीपासून अंतर सव्वासात इंच भरत होतं आणि सोडताना फडफड आवाज यायचा. प्रत्यंचेला पीळ देत देत आठवर आणलं, तेव्हा आवाज बसला. पायात घालून वाकवायचं नाही, प्रत्यंचा चढवायचा दोर, स्ट्रिंगरच वापरायचा, हे चिनूला बजावलं, नाहीतर धनुष्याचं पातं पिळतं. बाण ठेवायचा प्लॅस्टिकचा नाजूक पाळणा काढून टाकला, त्या वजनाला तो टिकला नसता, तुझा रोलरवाला बसवला. नॉकची पितळी कडी काटकोनाच्या अर्धा इंच वर दाबली. मग डोळा बघितला. दोन्ही तळव्यांच्या फटीतून नारळाचा शेंडा बघायला लावला, एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा. उजव्या हाताचा आणि उजव्या डोळ्याचा, काही भानगड नाही. तुझी होती बघ. तू दहावीपर्यंत चुकीच्या डोळ्याने मारत होतास आणि दोष भाऊमास्तरांच्या छत्रीच्या काड्यांना देत होतास! मास्तर मिरगाच्या पहिल्या पावसात छत्री उघडून वडाखाली उभे राहिले आणि छत्री एका बाजूने ओघळली, ते आठवलं की मला अजून हसू येतं. तीन काड्या तुझ्या भात्यात होत्या.

पाण्यातला नेम शिकवायला मात्र आठवडा गेला. मासा दिसतो तिथे नसतो, हे तोंडाने सांगून पोराला पटत नाही. घमेल्यात पाणी भरून तळाशी रुपया ठेवला आणि काठीने टोचायला लावला. दर वेळी काठी रुपयाच्या पलीकडे. सरळ वरून बघितलं तरी चार फुटांवरची वस्तू तीन फुटांवर वाटते, तिरकं बघितलं तर आणखी फसवते. तुझ्या चिठ्ठीतला हिशेब त्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय: दहा फूट लांब, एक फूट खोल, तर चार इंच खाली. अंतर दुप्पट तर तेही दुप्पट. बापूने तो वाचला आणि म्हणाला, आमच्या आज्यानं काट्यानं मारताना एकच सांगितलेलं, पोटाखाली मार.

आणि एवढं सगळं नीट करून मी दोर चुकीच्या जागी बांधला.

तुझ्या पाकिटात स्लाइड होता. काळा प्लॅस्टिकचा, बाणावर मागे-पुढे सरकणारा, दोराला अडकवायची पोलादी कडी असलेला. चिठ्ठीत तू त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्यास. मी तो बाणात ओवूनही बघितला. शेपटीजवळचा रबरी थांबा घट्ट बसेना, स्लाइड नॉकवरून निसटून येईल असं वाटलं. सुकती अर्ध्यावर आली होती, बोयांचा थवा बंधाऱ्याच्या तोंडाशी दिसत होता, चिनू घाई करत होता. मी स्लाइड खिशात टाकला आणि दोर सरळ बाणाच्या शेपटीच्या भोकात बांधला. आपण असाच बांधायचो. हे वाक्य मी तेव्हा मोठ्याने म्हणालो, बंड्या. चिनूने विचारलं, काकांनी तर हे लावायला सांगितलंय ना? मी म्हटलं, आम्ही असाच बांधायचो.

पहिले तीन बाण नीट गेले. चौथ्याला दोराचा वेटोळा प्रत्यंचेमागे पडला आणि त्या पितळी कडीला अडकला. बाण आठ-दहा हात गेला, दोर ताठ झाला आणि बाण परत फिरला. आता नीट ऐक. दोर साठवायची जी बाटली तू धनुष्यावर लावायला पाठवलीस, तिच्यातला दोर पूर्ण मोकळा होता. मी नंतर चिमटीत धरून ओढून बघितला, केसासारखा येतो. बाटलीचा काडीचाही दोष नाही. वेणीचा दोर होता म्हणून तंगूसासारखा, नायलॉनच्या दोरीसारखा, ताणला नाही, तरीही टोपी फाटली.

सोमवारी चिनू शाळेत गेल्यावर मी बाणाचं टोक काढलं, चिंध्यांचा बोळा बांधला आणि गवताच्या उडवीसमोर उभा राहिलो. बाण सोडला नाही, नुसता खेचून बघितला, पुन्हा पुन्हा. दोर शेपटीला असला की खेचताना तो हाताबरोबर मागे येतो आणि प्रत्यंचेच्या अगदी बाजूला लोंबतो. वीस वेळांत चार वेळा तो कडीवर चढलेला दिसला. स्लाइड लावला की दोर सगळा वेळ धनुष्याच्या पुढे राहतो, बाण सुटल्यावरच स्लाइड सरकत शेपटीकडे जातो. तोवर प्रत्यंचेचं काम झालेलं असतं. एवढीच गोष्ट आहे. एवढ्याशा गोष्टीने बापूचा डोळा गेला.

सत्तावीस वर्षं मी सांगत आलो की डबा तू घट्ट धरलास. डालड्याच्या डब्यावरचं तंगूस तू करकचून गुंडाळलं होतंस, म्हणून बाण मध्येच थांबला आणि उलटला. मी तुझ्या अण्णांसमोर हेच सांगितलं, बापूच्या आईसमोर सांगितलं. अण्णांनी बैलजोडी विकून मिरजेच्या दवाखान्याचे पैसे भरले. तू पुण्याला निघून गेलास आणि दोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. आणि जेव्हा बोललास तेव्हा तो विषय काढलाच नाहीस. बापूच्या लग्नात तू मांडवाबाहेर उभा होतास ते मी पाहिलं होतं.

आता जे लिहितोय ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी तू बापूला धरून घराकडे धावलास तेव्हा डबा मी उचलला. त्यावरचं तंगूस सैल होतं. माझ्या बोटांना ते लागलं, सैल वेढे होते, हलवले तर गळून पडतील असे. मी चौदा वर्षांचा होतो. मी तो डबा खाडीत फेकला. बाण माझा होता, गाठ माझी होती. दोर कसा अडकतो ते मला तेव्हा कळत नव्हतं, हे खरं. पण डबा सैल होता, हे मला कळलं होतं.

रविवारी बापूने "दोरी खंय बांधलंस" विचारलं, त्या अर्थी त्याला कधीपासून ठाऊक आहे? सत्तावीस वर्षांपूर्वी तो माझ्या उजवीकडे उभा होता, त्याने तेव्हाच बघितलं असेल का? मग इतकी वर्षं माझ्या बागेत आंबे उतरवायला येतो, माझ्या ताटात जेवतो, ते कसं? मी बायकोलाही विचारू शकत नाही, कारण तिला तुझ्या डब्याचीच गोष्ट माहीत आहे.

तुझं हरणाच्या शिकारीचं राहिलं. तू कंपाउंड घेतलंस आणि १ ऑक्टोबरला तुमचा मोसम उघडला तेव्हा मचाणावर बसून खेचताच आलं नाही, असं लिहिलंस. धनुष्याचं वजन उतरव. खुर्चीवर बसून पाय उचल, धनुष्य आभाळाकडे न नेता समोरच्या समोर सावकाश खेचता आलं तर ते वजन तुझं. आणि साध्या टोकाने नेम बसवून त्याच नेमावर पात्याचं टोक लावून जाऊ नकोस. पाती हवा धरतात, बाण दुसरीकडेच जातो. ज्या टोकाने मारायचं त्यानेच वीस-पंचवीस बाण आधी मारून बघ, नाहीतर जखमी जनावर रानात मरतं. इथे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हा प्रश्नच उरला नाही. रानडुकरं यंदाही भात लोळवून गेली, चिनूचे हात शिवशिवले, मी धनुष्य कपाटात ठेवून किल्ली जवळ ठेवली. खाडीतसुद्धा ऊद, म्हणजे पाणमांजर, दिसला की धनुष्य खाली, हा नियम आहे. वहिनींना नवी नोकरी लागली ना? धाकटीचे दात? कळव.

चिनूला धनुष्य परत द्यायचं की नाही, ते अजून ठरत नाही. त्याची आई नको म्हणते. तो रोज कपाटासमोर उभा राहतो, बोलत काही नाही. मला वाटतं द्यावं, पण बापूसमोर द्यावं, आणि दोर बापूने बांधावा.

अण्णांना भेटायला काल गेलो होतो. त्यांनी चहा दिला, तुझ्या पोरींचे फोटो दाखवले. मला बोलता आलं नाही. रिकामा गोठा खिडकीतून दिसत होता. त्यांना मी सांगणारच आहे, पण तुला न विचारता सांगणं बरोबर नाही, म्हणून परत आलो.

शनिवारी बापू घरीच असेल. सकाळी त्याच्याकडे जातोय. तू त्याआधी फोन कर. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही शनिवारच्या आधी दे, म्हणजे बापूसमोर जाताना तुझं माझं काही बाकी राहणार नाही.

तुझा,
बाळग्या

ता. क. – रबरी थांब्याचं भोक खरंच लहान आहे. कोमट पाण्यात ठेवून चढवला, आता हलत नाही. फुटलेल्या नॉकच्या मापाचे चार नॉक पाठव.