पाण्याखालच्या दिव्यांसाठी तात्यांना जाहीर आभारपत्र

आदरणीय तात्या,
सा. नमस्कार.

नाव घालायचं नाही या अटीवर तुम्ही या पत्राला हो म्हणालात, म्हणून नुसतं तात्या. मालवण तालुक्यात तात्या काही कमी नाहीत, त्यामुळे अट पाळली गेली असं समजा. जाहीर लिहिण्याचं कारण असं, की आमच्या होडीच्या मागे पाण्यात उजेड दिसायला लागल्यापासून देवबाग-तारकर्लीचे होडीवाले येऊन विचारतात, दिवे कुठून घेतले, केवढ्याला पडले. कसे बसवले हे कोणी विचारत नाही. तुमचं सगळं काम त्या ‘कसे’मध्ये आहे आणि ते होडीच्या मागच्या फळीच्या आत झाकलं गेलंय. ते कुणाच्या डोळ्यांना दिसणार नाही, तर निदान वाचून कळावं.

होडी आमची साधी, 22 फुटी फायबरची, मागे बाहेरून टांगलेल्या (आउटबोर्ड) मशीनवाली. भाड्याला लावत नाही. संध्याकाळी कर्लीच्या खाडीत नांगर टाकायचा, पोरांनी पाण्यात डुंबायचं, मोठ्यांनी चहा प्यायचा, एवढाच तिचा उद्योग. अंधार पडल्यावर शिडीपाशी कोण वर येतंय, कोण अजून पाण्यात आहे हे दिसावं म्हणून दिवे हवे होते. आणि खोटं कशाला बोलू, उजेडाला सुंगटं (कोळंबी) आणि बोय माशाची पिल्लं जमतात ती बघायची हौसही होतीच.

आधी एकाने बसवून दिलेले दिवे पावसाळ्याआधीच मेले. दिवा खराब झाला असं त्याचं म्हणणं. तुम्ही दिव्याला हातच लावला नाहीत. मागच्या कप्प्यातली वायर ओढून काढलीत, कटरने टोक तोडलंत आणि माझ्यासमोर धरलंत. वरून प्लास्टिक कोरं करकरीत, आत तांबं काळंठिक्कर. आणखी दोन बोटं कापलंत, तरी काळंच. असं करत करत वीतभर वायर जमिनीवर पडली तेव्हा कुठे तांब्याचा रंग दिसला. घरात वापरायची ती वायर, सांध्याला नुसती टेप. खारं पाणी आणि खारी हवा तारांच्या मधून वर चढत जाते हे ऐकून माहीत होतं, पण इतकी आतवर जाते हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मग कलई केलेल्या तांब्याची, बोटीसाठीचीच वायर आणायला लावलीत. आमच्या भावाने 1.5 चौरस मिलिमीटरची पुरेल असं म्हटल्यावर तुम्ही डिझेलच्या पावतीच्या मागे हिशेब मांडलात, तो कागद मी ठेवला आहे. 40 वॅटचे दोन दिवे, 12 व्होल्टवर पावणेसात अँपियरच्या आसपास. बॅटरीपासून मागच्या फळीपर्यंत 6 मीटर, जाऊन-येऊन 12. 1.5 च्या वायरीत जवळजवळ 1 व्होल्ट वाटेतच खर्च होतो, 4 च्या वायरीत साधारण एक तृतीयांश व्होल्ट, म्हणजे 3 टक्क्यांच्या आत. घरात 230 व्होल्ट असतात, तिथे 1 व्होल्ट गेला तर कळतही नाही. 12 मधला 1 गेला तर खूप गेला. वायर महाग पडली, हे खरं. पण ‘जाऊन-येऊन’ मोजायचं असतं हे आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

फ्यूज 10 अँपियरचा, आणि तो बॅटरीच्या प्लसपासून 7 इंचांच्या आत. भाऊ म्हणाला, दिव्यांजवळ लावूया, दिवे वाचतील. “फ्यूज वायरीसाठी आसता, लायटीसाठी नाय,” तुम्ही एवढंच म्हणालात आणि स्क्रू पिळत राहिलात. नंतर विचार केल्यावर उलगडलं. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या तुकड्याला कुणाचंच राखण नसतं. तिथे वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागेपर्यंत करंट वाहत राहणार. म्हणून तो तुकडा जमेल तितका आखूड.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही घालवलात तो भोकांवर. दिवे फळीवर बाहेरून बसणारे, त्यामुळे आरपार जायची ती फक्त वायर, पेन्सिल जाईल एवढं भोक. तरी तुम्ही आधी पाण्याची रेघ बघितलीत, तिच्याखाली वीतभर जागा धरलीत, मशीनच्या पंख्यापासून आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या सेन्सरपासून लांब सरकवलीत. टेप चिकटवलीत, वरचा चकचकीत थर तडकू नये म्हणून ड्रिल पहिल्यांदा उलटं फिरवलंत. पांढरी भुकटी आली, मग फायबरची खाज आणणारी धूळ, मग लाकडाचा भुसा. तो भुसा तुम्ही चिमटीत धरून वास घेतलात! फळीच्या पोटात प्लायवूड असतं, त्याला एकदा पाणी लागलं की आतल्या आत कुजत जातं आणि मशीनचा सगळा भार त्याच फळीवर. सुका निघाला तेव्हा तुमचा चेहरा सैल झाला. मग लागतं त्यापेक्षा मोठं भोक पाडून ते एपॉक्सीने भरलंत. “भोक मारूक धा मिनटां, ता भरूक अख्खो दीस,” असं म्हणून घरी निघून गेलात. दुसऱ्या दिवशी त्या सुकलेल्या एपॉक्सीतून बारीक भोक पाडलंत, म्हणजे वायर कुठेच लाकडाला शिवत नाही. स्क्रूच्या भोकांनाही तीच वागणूक. सीलंट पॉलियुरेथेनचं, आणि त्यातलंही पुढे दिवा काढायचा झाला तर सुटेल असं. सिलिकॉनची ट्यूब मी आणून ठेवली होती, ती बाथरूमला वापरली.

बाकीची कामं भराभर झाली, ती भराभरच सांगते. सांधे होडीच्या तळात साचणाऱ्या (बिल्जच्या) पाण्याच्या वर, वायरीच्या टोकाला धातूचा लग दाबून त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक नळी, दर हातभर अंतरावर क्लिप, आणि सांध्याच्या आधी वायरीला पोट सोडलेलं, की थेंब तिथूनच गळून जावा. दिवे होडीतल्या इतर वापराच्या बॅटरीवर, मशीन चालू करायच्या बॅटरीवर नाही. दोन तास लावले तर 13-14 अँपियर-तास जातात आणि परतताना स्टार्टर गपगार नको. कांस्याच्या बॉडीचे दिवे दुकानात उठून दिसत होते, तुम्ही प्लास्टिक बॉडीचे निवडलेत, कारण खाऱ्या पाण्यात कांस्याशेजारी मशीनचा ॲल्युमिनियमचा पाय आधी खाल्ला जातो.

रंगावरून मात्र आपलं वाजलं, आठवतं? गढूळ पाण्यात हिरवा लांब जातो हे दुकानदाराचं म्हणणं बरोबरच होतं. तुम्ही ते मान्य केलंत आणि तरी हिरव्याला नाही म्हणालात. रात्री समोरच्याला हिरवा दिवा म्हणजे होडीची उजवी बाजू, तांबडा म्हणजे डावी. 1972 च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 20 वा नियम सांगतो की सूर्यास्तानंतर या दिव्यांशी घोटाळा होईल असा दुसरा उजेड दाखवायचा नाही. म्हणून पांढरा. आणि वर एक रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालणारा स्विच, घातलात, की नांगराचा दिवा डोलकाठीवर पेटलेला असेल तरच पाण्याखालचे पेटतात. चालत्या होडीत कुणी हौशीने बटण दाबलं तरी काही होत नाही. पोरांनी दाबून बघितलंय.

पण या पत्राचं खरं कारण ‘रापण’ आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दिवे बसले, होडी पाण्यात उतरली, आणि तुम्ही बटण दाबू दिलं नाहीत. “आधी रापणकारांका सांगा, मगे पेटवा.” आम्हाला वाटलं, आमचे 80 वॅट, त्यात सांगायचं काय? एलईडी मासेमारीने या किनाऱ्यावर काय केलंय हे तुम्ही जवळून बघितलेलं. जनरेटरवरचे झगझगीत दिवे लावून मासळी एका जागी गोळा करायची आणि उचलायची. रापणीच्या वाट्याला मग काय उरणार? केंद्राने 2017 च्या नोव्हेंबरात त्यावर बंदी घातली, राज्याने 1981 च्या सागरी मासेमारी कायद्यात 2021 साली दंड वाढवला, तरी रात्री पाण्यात उजेड दिसला की इथल्या माणसाचं डोकं फिरतं, आणि ते फिरणं वाजवी आहे. लांबून त्याला वॅट दिसत नाहीत, उजेड दिसतो. तुम्ही स्वतः आमच्याबरोबर रापणकारांकडे वाळूत जाऊन बसलात, दिव्याचं खोकं दाखवलंत, कुठे आणि कधी लावणार ते आमच्याच तोंडून वदवलंत. फक्त खाडीत, नांगरावर, समुद्राच्या बाजूला कधीच नाही. कासवांची पिल्लं निघायच्या दिवसांत तर नाहीच, ती उजेडाकडे वळतात. त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, “गळ टाकतालात काय थंयसर?” नाही म्हटलं. तो शब्द आम्ही पाळतो आहोत, हे तुम्हाला इथे सगळ्यांसमक्ष सांगते.

वायरिंग करणारा दुसरा कुणी कदाचित मिळालाही असता. शेजाऱ्यांकडे घेऊन जाणारा मिळाला नसता. त्याबद्दल मनापासून आभार, आमच्या सगळ्या घराकडून.

काचेवर बार्नेकल, म्हणजे चिकटून बसणारे कवचाचे जीव, धरायला लागले आहेत, प्लास्टिकच्या पातीने खरवडते. दिवे होडी पाण्यात असतानाच लावते, किनाऱ्यावर नाही, त्यांना पाणीच थंड ठेवतं हे लक्षात आहे. मशीनचं झिंक (त्याच्याऐवजी गंजायला लावलेला जस्ताचा तुकडा) निम्मं झिजलंय, ते बदलायला दिवाळीनंतर याल का?

आणि हो, भोगव्याच्या एका होडीवाल्याला असेच दिवे बसवायचे आहेत. त्याने कांस्याचे, हिरवे, आधीच विकत घेऊन ठेवलेत, हे आधी सांगून ठेवते. तुमचा नंबर त्याला देऊ का, तेवढं कळवा.

आपली,
देवबागची होडीवाली