लॉख नेसच्या प्राण्याविषयी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवरात एक अवाढव्य प्राणी राहतो असं तुझं म्हणणं. ‘इतक्या लोकांनी पाहिलंय, ते सगळे खोटं कशाला बोलतील?’ हा तुझा प्रश्न मनातून हटेना, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते खोटं बोलतात असं मलाही वाटत नाही. १९३४ सालचा लांब मानेचा तो प्रसिद्ध फोटो खेळण्यातल्या पाणबुडीवर डोकं बसवून घडवला होता, हे पुढे उघड झालं; तो सोडून दे. बाकी बहुतेकांनी काहीतरी पाहिलंच असणार. शांत पाण्यावर बोट निघून गेल्यावरही तिच्या लाटा बराच वेळ फिरत राहतात आणि लांबून त्या पाठीवरच्या उंचवट्यांसारख्या दिसतात. पोहणारं हरीण, तरंगता ओंडका, पाणपक्ष्यांची रांग, आणि अंतराचा अंदाज यायला आजूबाजूला काहीच नाही. अशा वेळी डोळा फसतो, यात पाहणाऱ्याचा काय दोष?

सरोवरही तसंच आहे. सुमारे ३६ किलोमीटर लांब, २३० मीटरच्या आसपास खोल, पाणी गढूळ तपकिरी. आत काहीही मावेल असं वाटतं खरं. पण मावणं वेगळं आणि जगणं वेगळं. शेवटच्या हिमयुगात तिथे नुसता बर्फ होता, आणि हा प्राणी ज्यांच्यापैकी असल्याचं सांगतात ते प्लेसिओसॉर, म्हणजे लांब मानेचे समुद्री सरपटणारे प्राणी, तर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपले. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाला असं समजला जाणारा सीलाकॅन्थ मासा जिवंत सापडला, हे तू पुढे करशीलच. पण त्याला अख्खा समुद्र मोकळा होता रे!

शिवाय एकटादुकटा प्राणी शतकानुशतकं टिकत नाही. पिल्लं व्हायला हवीत, म्हणजे कळप हवा, आणि कळपाला खाणं हवं. या थंड, निकस पाण्यात सगळे मासे मिळून वजन भरतं जेमतेम वीस टनांच्या घरात. त्यावर अवाढव्य शिकाऱ्यांचं कुटुंब कसं पोसायचं? मला सगळ्यात पटतो तो हा हिशोब.

२०१८ मध्ये न्यूझीलंडमधले जनुकशास्त्रज्ञ नील गेमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पाण्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, सापासारख्या लांबट ईल माशांचा मात्र जिकडेतिकडे. आणि गंमत म्हणजे माझ्या हिशोबातून सुटतो तो फक्त ईलच! तो गोड्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला थेट अटलांटिक महासागरातल्या सारगासो समुद्रात जातो, त्यामुळे सरोवरात त्याची वीण असण्याची गरजच नाही. डीएनएवरून आकार कळत नाही, म्हणून गेमेल यांनीही मोठ्या ईलची शक्यता खोडून काढली नाही.

माझी अडचण अशी की युरोपातला ईल मीटरभराहून फारसा वाढत नाही, आणि पोहताना तो आडवा, म्हणजे डावी-उजवीकडे वळवळतो. पाण्यावर उभे उंचवटे तो कसे दाखवील? याला तुझ्याकडे उत्तर असेल तर लगेच कळव. मला ते मनापासून हवं आहे.

तुझा,
अविनाश