बाबांच्या नावाचं सिम

तोआ पायोह, सिंगापूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर मी सिमकार्डाचं काढलं की बाबा "बघू की तिथं आल्यावर" म्हणतात आणि बोलणं दुसरीकडंच जातं. म्हणून कागदावर, मोठ्या अक्षरात लिहितेय. हा कागद पासपोर्टच्या पिशवीतच ठेवा.

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली की तुम्ही निघणार. नंदीध्वजांची मिरवणूक बघितल्याशिवाय बाबा सोलापूर सोडणार नाहीत, हे मला माहीत आहे. वंदे भारतनं मुंबई, तिथून विमान. इथं उतरलात की त्याच दिवशी तुम्हा दोघांना इथलं प्रीपेड सिम घ्यायचं. दोघांना वेगवेगळं. "आईच्या फोनात आहे की, माझं काय अडलंय" हे बाबांनी म्हणायचं नाही.

मागच्या वेळी मीच टाळलं होतं. घरात वायफाय आहे, चार आठवड्यांसाठी कशाला, असं मला वाटलं. आणि एका संध्याकाळी बाबा कोथिंबीर आणायला म्हणून खाली गेले. इथल्या सगळ्या इमारती सारख्या, भिंतीवरचा नंबर तेवढा वेगळा. एक वळण चुकलं आणि दीड तास बाबा परक्या इमारतीच्या खाली, टपालपेट्यांजवळच्या बाकावर बसून राहिले. खिशात त्यांचा बटणांचा फोन होता, पण त्याला रेंजच नव्हती. तो फोन फक्त टू-जीवर चालणारा, आणि सिंगापूरनं टू-जी नेटवर्क २०१७ च्या एप्रिलमध्येच बंद केलंय, त्यामुळं रोमिंग चालू असतं तरी तो फोन लागला नसता. मला ते ठाऊक असायला हवं होतं. मी विचारलंच नाही.

शेवटी एका बाईंशी बाबा तेलुगूत बोलले. साखर पेठेतल्या शेजाऱ्यांकडून लहानपणी कानावर पडलेलं ते तेलुगू. बाईंना ते कळलं, त्यांनी आपला फोन पुढं केला, आणि तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की माझा नंबर त्यांना पाठच नाही. त्या बाई भिंतींवरचे नंबर वाचत बाबांना आमच्या इमारतीपर्यंत घेऊन आल्या. दारात बाबा काहीच बोलले नाहीत, चप्पल काढली आणि पाणी मागितलं. आई, तू तेव्हा देवापुढं बसली होतीस. ती संध्याकाळ मला अजून आठवते.

मी लहान असताना गड्ड्यावर जाताना तू माझ्या फ्रॉकच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी घालायचीस, वरून पिन लावायचीस. मी चिडायचे. आता तशी चिठ्ठी मला तुमच्या खिशात घालायची आहे, एवढंच समजा.

बाबांचा बटणांचा फोन घरीच राहू द्या. दादाचा जुना स्मार्टफोन पडून आहे, तो घ्या. त्यात दोन सिम बसतात का हे दादाला आत्ताच बघायला सांगा. बसत असतील तर आपलं भारतातलं सिम एका खाचेत तसंच राहील आणि दुसरीत इथलं जाईल. भारतातलं सिम काढून टाकायचं नाही, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. पेन्शनच्या खात्याचं काही निघालं आणि ओटीपी आला नाही तर इथं बसून काहीच करता येणार नाही. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी नवी पेठेत आपल्या सिमच्या कंपनीच्या दुकानात जाऊन आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. परदेशात मेसेज येण्यासाठी कोणतं रिचार्ज लागतं तेही तिथंच विचारा, आणि त्या रिचार्जची मुदत परत येण्याच्या तारखेच्या पुढची असू द्या.

मात्र त्या सिमवरचा डेटा रोमिंग बंद हवा. विमानात बसण्याआधी दादाकडून ते बटण बंद करून घ्या आणि तुम्ही दोघांनीही ते बघून ठेवा. चालू राहिलं तर फोन खिशातल्या खिशात नेट वापरतो आणि पैसे जातात. इथं असताना त्या नंबरवर कुणाचा फोन आला तर उचलू नका, त्याचेही पैसे पडू शकतात. मावशीला, काकांना आधीच सांगून ठेवा की चार आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवरच फोन करा.

व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर बदलायचा नाही. नवं सिम घातल्यावर फोन विचारेल, नवा नंबर वापरायचा का? नाही म्हणायचं. जुन्याच नंबरावर सगळं चालतं, फक्त नेट इथल्या सिमचं. आई, तुझा भजनी मंडळाचा ग्रुप कुठंही जाणार नाही.

सिम घ्यायला पासपोर्ट लागतो, मूळ पासपोर्ट, झेरॉक्स चालत नाही. दुकानदार तो स्कॅन करून नाव नोंदवतो, पाच-दहा मिनिटांचं काम. इथं एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त तीन प्रीपेड सिम मिळतात, तेव्हा माझ्या नावावर घेऊन तुम्हाला देता आली असती. पण मला ती तुमच्याच नावावर हवी आहेत. फोन हरवला, सिम बंद पडलं, तर आपला पासपोर्ट दाखवून तुम्हाला स्वतः दुकानात विचारता यायला हवं. मी ऑफिसात असेन तेव्हाही.

विमानतळावर काउंटर आहेत, तिथं पर्यटकांची सिम मिळतात. पण रात्रभराच्या प्रवासानंतर तिथं उभं राहायची गरज नाही. घरी येऊन, आंघोळ करून, जेवून आपण खालच्या दुकानात जाऊ. तोवर विमानतळावर फुकट वायफाय असतं. सामान येईपर्यंत आईनं ते जोडून मला एक मेसेज टाकायचा. मी बाहेर उभी असेनच.

नंबर इथं आठ आकडी असतात. इथल्या इथं लावताना पुढं शून्य नाही, काही नाही, सरळ आठ आकडे. सोलापूरला लावायचा असेल तर शून्य दाबून धरलं की अधिकचं चिन्ह येतं, मग ९१, मग दहा आकडे. पण ते महाग पडतं, अगदी अडलं तरच. ॲम्ब्युलन्ससाठी ९९५ आणि पोलिसांसाठी ९९९. हे दोन्ही आकडे फ्रीजवर लिहून ठेवलेत.

माझे आठ आकडे या पत्राच्या मागच्या बाजूला लाल पेननं लिहिलेत. बाबा, ते पाठ करा. तुम्ही आम्हाला पाढे पाठ करायला लावायचात तसे, सकाळी फिरायला जाताना, सिद्धेश्वर तलावाला एक फेरी होईपर्यंत म्हणत चला. फोनची बॅटरी संपली तरी ते आठ आकडे तुमच्याजवळ असतील.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये दिलात ना? आईच्या गुडघ्याच्या गोळ्या महिन्याभराच्या आणि चार दिवस जास्तीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बाकी सामानाचं फोनवर बोलू.

दादाचा फोन हातात आला की त्यावरून बाबांनी स्वतः मला व्हिडिओ कॉल करायचा. आईनं मदत करायची नाही. उशीर लागला तरी चालेल, रविवारी दिवसभर मी घरीच आहे.

तुमची,
मनू