मुलांना एकदा चालकाच्या जागेवर बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत शाळेची व्हॅन मागे येत होती आणि माझी पावणेपाच वर्षांची नात बरोबर तिच्या मागे उभी होती. शेजारच्या काकू ओरडल्या म्हणून व्हॅन थांबली. घरी सगळे तिला रागावले. ती हुंदके देत एकच सांगत होती, "पण मला गाडी दिसत होती ना!"

मी तीस वर्षं बालवाडीत शिकवलं. डोळे गच्च मिटून 'आता मी दिसत नाही' म्हणणारी, फोनवर आजोबांना नुसती मान डोलावून 'हो' म्हणणारी किती मुलं पाहिली! आपल्याला दिसतं ते समोरच्यालाही दिसतं, असं त्यांनी मनोमन धरलेलं असतं. जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर या बालमानसशास्त्रज्ञांनी टेबलावर तीन डोंगर मांडून पलीकडच्या बाहुलीला काय दिसेल असं विचारलं, तेव्हा चार-पाच वर्षांची मुलं बहुधा स्वतःला दिसणारंच चित्र दाखवत. हे १९४८ च्या त्यांच्या पुस्तकात आहे. पुढे १९७० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत मार्टिन ह्यूज या संशोधकाने डोंगर बाजूला ठेवले. एकमेकींना छेदणाऱ्या भिंती उभारल्या, पोलिसांच्या बाहुल्या ठेवल्या, हातात एका मुलाची बाहुली दिली आणि सांगितलं, या मुलाला पोलिसांना दिसणार नाही असा लपव. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची सुमारे ९० टक्के उत्तरं बरोबर आली! पोलिसापासून लपायचं कशासाठी, हे त्यांना कळत होतं.

म्हणून रविवारी अंगणात बंद गाडीत, किल्ली काढून, नातीला चालकाच्या जागेवर बापाच्या मांडीवर बसवलं. मी गाडीमागे उकिडवी बसले. आरशात बघून, मान वळवून ती हाका मारायला लागली, "आजी, तू कुठे गेलीस?" मग आम्ही जागा बदलल्या. नुसतं रागावून जे कळलं नव्हतं, ते पाच मिनिटांत कळलं.

शाळांनी जूनमध्ये एक दुपार यासाठी द्यावी, ही कळकळीची विनंती. प्रत्येक मुलाला त्या जागेवरून बघू द्यावं. अर्थात मुलांना समजलं म्हणून मोठ्यांची जबाबदारी सुटत नाही. व्हॅन मागे घेण्याआधी चालकाने किंवा मदतनीसाने खाली उतरून मागे बघितलंच पाहिजे, दर वेळी.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सातारा