तुंगभद्रेतील विजयनगरकालीन पुलाचे खांब : केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री,
भारत सरकार, यांस

सविनय नमस्कार.

हंपीत पुरंदरदास मंडपाजवळ, तुंगभद्रेच्या पात्रात, विजयनगरकालीन पुलाचे ग्रॅनाइटचे खांब ओळीने उभे आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र. पुलाचा माथा केव्हाच नाहीसा झाला असून काही खांबांवर आडव्या दगडी तुळया तेवढ्या उरल्या आहेत. इथे कमानी नाहीत. उभा खांब आणि त्यावर तुळई, हे मंदिरांच्या मंडपांतले कसब पाथरवटांनी थेट वाहत्या पाण्यात उतरवले. तरीही विठ्ठल मंदिरातील दगडी रथाभोवती गर्दी करणाऱ्यांपैकी थोड्यांचेच लक्ष या खांबांकडे जाते.

वरच्या अंगाला होस्पेटजवळ तुंगभद्रा धरण आहे. विसर्ग वाढला की पुरंदरदास मंडपही पाण्याखाली जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये धरणाचा १९ क्रमांकाचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला, तेव्हा असा विसर्ग किती अवचित वाढू शकतो हे सर्वांनीच पाहिले. अशा वेळी नुसत्या प्रवाहाइतकाच धोका वाहून येणाऱ्या ओंडक्यांचा आणि खांबाच्या बुडाशी होणाऱ्या धुपीचा असतो. ही धूप काठावरून दिसत नाही.

१९८६ पासून जागतिक वारसा असलेली हंपी १९९९ मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीत गेली, तीही नव्या पुलांच्या बांधकामामुळे, आणि २००६ मध्ये त्या यादीतून बाहेर आली. त्यांपैकी आनेगुंदीचा पूल जानेवारी २००९ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि त्यात मजुरांचे प्राण गेले. त्या वादात कागदांचा डोंगर उभा राहिला. तसे लक्ष जुन्या पुलाच्याही वाट्याला यावे.

म्हणून विनंती अशी की, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जलांतर्गत शाखेमार्फत प्रत्येक खांबाला क्रमांक देऊन त्याची मोजमापे, झुकाव आणि पाया यांची नोंद करावी, पात्रात पडलेल्या तुळयांच्या जागा नकाशावर घ्याव्यात आणि दर पावसाळ्यानंतर ही नोंद पुन्हा पडताळावी. जीर्णोद्धाराच्या नावाखाली नवा माथा मात्र चढवू नये. सिमेंटचा थर तर नकोच. पाहणीचा अहवाल कन्नड, मराठी व इंग्रजीत सर्वांसाठी खुला करावा.

आपला,
एक इतिहासप्रेमी नागरिक